लॉस एंजेलिसमधली फौज आणि ‘गव्हर्नरमार्फत’ हा शब्द

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या ज्या आदेशाने लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल गार्ड ही राज्याची फौज उतरली, त्या ७ जून २०२५ च्या आदेशात शहराचे नावच नाही. स्थलांतर खात्याच्या कामाविरुद्ध जिथे निदर्शने होत आहेत किंवा होण्याची शक्यता आहे अशी ठिकाणे, किमान २,००० सैनिक आणि ६० दिवस, एवढाच मजकूर. शहराचे नाव न लिहिल्यामुळे हाच कागद पुढे कुठेही चालला असता. पुढच्या सहा महिन्यांत देशभर जे झाले, त्याची बरीचशी मुळे या मोघमपणात आहेत.

आपल्याकडे ही बातमी ‘लष्कर उतरले’ एवढ्यावरच वाचली गेली. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईने लष्कराचे ध्वजसंचलन पाहिले आहे. नागरी प्रशासनाने मदत मागायची आणि लष्कराने यायचे, हे आपल्याला ओळखीचे आहे. लॉस एंजेलिसमध्ये मदत कोणी मागितलीच नव्हती. शहराने नाही, राज्यानेही नाही.

मराठीत आणखी एक गोंधळ होतो. ‘गव्हर्नर’चे भाषांतर ‘राज्यपाल’ केले, की दिल्लीहून नेमलेले, राजभवनात बसलेले गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि राज्याच्या नॅशनल गार्डचा सेनापतीही असतो. अधिकाराने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. नॅशनल गार्डला राज्य राखीव पोलीस दल समजणेही चूक. ते पोलीस नव्हेत. एरवी शिक्षक, इलेक्ट्रिशियन, दुकानदार असणारी आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायतीला जाणारी ही माणसे आपल्या प्रादेशिक सेनेशी जास्त मिळतीजुळती. फरक इतकाच की एरवी ती राज्याच्या हुकमाखाली असतात. वणवे आणि भूकंपात गव्हर्नर त्यांना बोलावतो. राष्ट्राध्यक्षांनी ती ‘केंद्राच्या सेवेत’ घेतली, की त्याच सैनिकाला दुसरा कायदा लागू होतो. १८७८ च्या एका कायद्याने केंद्राच्या फौजेला पोलिसी कामाची मनाई केलेली आहे. राज्याच्या हुकमाखालच्या गार्डला ती मनाई नाही. माणूस तोच, गणवेश तोच, पण सही कोणाची यावर तो काय करू शकतो हे ठरते.

निमित्त ६ जूनचे. वस्त्रबाजारातला एक घाऊक कपड्यांचा व्यवसाय आणि वेस्टलेक भागातल्या बांधकाम-साहित्याच्या दुकानाचे वाहनतळ अशा ठिकाणी धाडी पडल्या. ते वाहनतळ म्हणजे तिथला मजूर नाका. ठाण्याच्या किंवा पुण्याच्या नाक्यावर पहाटे जसे रंगारी, गवंडी उभे असतात, तसेच इथे मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोरचे ‘होर्नालेरो’, म्हणजे रोजंदारीवरचे मजूर, उभे असतात. रोज ३,००० अटकांचे लक्ष्य वॉशिंग्टनमधून मे महिन्याच्या अखेरीस जाहीरपणे बोलले गेले होते. एवढी माणसे गुन्हेगारांच्या यादीतून मिळत नाहीत, नाक्यावर मिळतात. एका मोठ्या कामगार संघटनेचे राज्य-अध्यक्ष त्याच दिवशी धाडीच्या जागी पकडले गेले आणि जखमी झाले. दुसऱ्या दिवशी पॅरामाउंट आणि कॉम्प्टन या उपनगरांत लोक रस्त्यावर आले. ८ जूनला १०१ क्रमांकाचा महामार्ग अडवला गेला, पुलावरून पोलिसांच्या गाड्यांवर दगड आले, चालकविरहित टॅक्सी जळाल्या. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण गार्डचा आदेश ७ तारखेच्या संध्याकाळचा, टॅक्सी जळाल्या ८ तारखेला. टीव्हीवर हा क्रम उलटा वाटायचा. १० तारखेपासून महापौरांनी रात्रीची संचारबंदी लावली, तीही शहराच्या मध्यभागी साधारण एका चौरस मैलापुरती. लॉस एंजेलिस सुमारे पाचशे चौरस मैलांचे शहर आहे.

शहराची जुनी आठवण इथे थोडक्यात सांगायला हवी. २६ फेब्रुवारी १९३१ ला जुन्या चौकाची, ला प्लासिताची, दारे अडवून सुमारे ४०० जणांना रोखून धरण्यात आले होते. मंदीच्या त्या काळात मेक्सिकन वंशाच्या कितीतरी जन्मजात अमेरिकन नागरिकांनाही गाडीत बसवून सीमेपार धाडले गेले. १९५४ च्या देशव्यापी मोहिमेचे नेतृत्व एका निवृत्त लष्करी जनरलकडे होते. १९९४ मध्ये कागदपत्रे नसलेल्यांना सरकारी शाळा आणि दवाखाना बंद करू पाहणारा प्रस्ताव मतदानाला आला. त्याविरुद्ध ऑक्टोबरात सुमारे ७०,००० लोकांचा मोर्चा निघाला, आणि मोर्चातले मेक्सिकन झेंडे पाहून मतदार बिथरले असे नंतर अनेक वर्षे बोलले गेले. म्हणून २००६ च्या काही लाखांच्या मोर्चात आयोजकांनी अमेरिकी झेंडे घेऊन या असे बजावले होते. २०२५ मध्ये मेक्सिकन झेंडे पुन्हा दिसले, या वेळी कोणाला न विचारता. स्थलांतर खात्याला मात्र पणजोबांपासून नातवंडांपर्यंत एकच नाव आहे, ‘ला मिग्रा’.

आता आदेशाकडे. ज्या कलमाखाली तो निघाला ते फारसे वापरात नव्हते. १९७० मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या संपात न्यूयॉर्कला टपाल वाटायला गार्ड आणले, तेव्हा याच कलमाच्या पूर्वावताराचा आधार घेतला होता. कलमात तीन कारणे आहेत: परकी आक्रमण, बंड किंवा बंडाचा धोका, आणि ‘नियमित फौजां’नी कायद्याची अंमलबजावणी करणे अशक्य होणे. शेवटी एक वाक्य आहे. हे आदेश गव्हर्नरांमार्फत काढले जातील.

‘मार्फत’ म्हणजे काय? संरक्षणमंत्र्यांच्या पत्राच्या डोक्यावर ‘कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरमार्फत’ असे लिहिलेले होते. पत्र गेले मात्र थेट राज्याच्या गार्डप्रमुखाकडे. गव्हर्नरना ते गार्डप्रमुखाकडूनच कळले. आपल्या सरकारी कचेरीत अर्जावर ‘योग्य त्या मार्गे’ असे लिहून तो परस्पर वरच्या साहेबाच्या टेबलावर ठेवावा, तशातला हा प्रकार. १२ जूनला जिल्हा न्यायाधीशांनी हेच म्हटले: नाव लिहिणे म्हणजे मार्फत पाठवणे नव्हे, आणि रस्त्यावर जे झाले ते बंड नव्हे. त्याच रात्री अपील न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. १९ जूनच्या निकालात ते म्हणाले की गार्डप्रमुख राज्याच्या कायद्याने गव्हर्नरच्या नावाने आदेश काढू शकतो, म्हणून अट बहुधा पुरी झाली. मार्फतचा अर्थ नकाराधिकार होत नाही. बंडाच्या मुद्द्याला त्या न्यायालयाने हात लावला नाही, तिसरे कारण पुरेसे मानले. मला पहिला अर्थ सरळ वाटतो. ज्याच्या हातून आदेश जायचा त्याला तो दाखवायचाच नसेल, तर कायद्यात तो शब्द घालण्याची तसदी कोणी घेतली नसती.

सरकारच्या बाजूचे लोक १९६५ चा दाखला देतात. गव्हर्नरने न मागता गार्ड केंद्राच्या सेवेत घेण्याची त्याआधीची वेळ तीच. पण तेव्हा अलाबामात सेल्मा ते माँटगोमेरी चालणाऱ्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांच्या रक्षणासाठी गार्ड आणले होते, कारण तिथला गव्हर्नर संरक्षण द्यायला तयार नव्हता. बंदुकीची दिशाच उलटी. १९९२ च्या दंगलीचे उदाहरण लॉस एंजेलिसचेच आहे, पण तेव्हा गव्हर्नरने स्वतः मदत मागितली होती. तेव्हाची एक गोष्ट कॉम्प्टनमध्ये अजून सांगितली जाते. पोलीस एका घराच्या दारात होते, सोबत मरीन, म्हणजे केंद्राच्या खड्या फौजेतले, सैनिक. पोलिसाने ‘कव्हर मी’ असे ओरडून सांगितले. पोलिसी भाषेत त्याचा अर्थ बंदूक रोखून तयार राहा. मरीनांच्या भाषेत गोळीबार करून आड द्या. घरावर दोनशेहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. आत मुले होती. सुदैवाने कोणी मेले नाही. फौजेला पोलिसी काम का देऊ नये याबद्दल कायद्याची जाड पुस्तके जे सांगतात, ते या दोन शब्दांत आले.

२०२५ मध्ये आकडा सुमारे ४,००० गार्ड आणि ७०० मरीनपर्यंत गेला. खर्चाचा अंदाज १३.४ कोटी डॉलर सांगितला गेला. मरीनांनी ताब्यात घेतलेला पहिला नागरिक हा स्वतः माजी सैनिक निघाला. माजी सैनिकांच्या कार्यालयात कामासाठी आला होता आणि पिवळी फीत ओलांडून गेला. ७ जुलैला मॅकआर्थर पार्कमध्ये घोडेस्वार अधिकारी, चिलखती गाड्या आणि सुमारे ९० गार्ड उतरले. बाग जवळजवळ रिकामी होती, उन्हाळी शिबिराच्या मुलांना आत नेण्यात आले. ऑगस्टमध्ये तीन दिवस खटला चालला. सैनिकांना १८७८ च्या कायद्याचे प्रशिक्षण देताना मनाई असलेल्या कामांची यादी दाखवली गेली होती आणि त्यातली काही, जसे गर्दी आवरणे व रहदारी अडवणे, ‘घटनात्मक अपवाद’ म्हणून चालतील असेही सांगितले गेले होते, हे त्यात पुढे आले. २ सप्टेंबरला न्यायाधीशांनी तो अपवाद अस्तित्वात नसल्याचे सांगून कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. त्यालाही दोन दिवसांत स्थगिती मिळाली.

गाठ सुटली ती वेगळ्याच शहराच्या प्रकरणात आणि कोणी फारसे न पाहिलेल्या शब्दाने. शिकागोत गार्ड पाठवण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २३ डिसेंबर २०२५ ला म्हटले की ‘नियमित फौजा’ म्हणजे स्थलांतर खात्याचे किंवा इतर केंद्रीय अधिकारी नव्हेत, तर बहुधा खडी लष्करी फौज. म्हणजे आधी हे दाखवायला हवे की लष्कर वापरण्याचा कायदेशीर अधिकार आहे आणि तरीही ते पुरत नाही. जूनपासून सगळे ‘मार्फत’वर भांडत होते, निकाल लागला शेजारच्या शब्दावर. ३१ डिसेंबरला शिकागो, पोर्टलंडसोबत लॉस एंजेलिसमधूनही गार्ड काढून घेत असल्याची घोषणा झाली.

नाक्यावरचा प्रश्न त्या घोषणेत नव्हता. वंश, स्पॅनिश बोलणे, उभे राहण्याची जागा आणि कामाचा प्रकार एवढ्यावरून कोणाला अडवू नये, असा आदेश एका न्यायाधीशांनी ११ जुलैला दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ८ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन मतांनी स्थगित केला. वस्तीतल्या गटांनी नाके ‘दत्तक’ घेतले आहेत. पहाटे शिट्टी आणि फोन घेऊन दोघे-तिघे वाहनतळाच्या कोपऱ्यावर उभे राहतात आणि काळ्या काचांच्या गाड्यांचे क्रमांक टिपतात.