शाळेतली पेज: मलावीतल्या ‘मेरीज मील्स’ची पार्श्वभूमी

पहाटे, अजून अंधार असतानाच, मलावी या आफ्रिकी देशात गावातल्या काही बाया शाळेच्या आवारातल्या शेडमध्ये जमतात. चूल पेटते. मोठाल्या टोपात पाणी उकळायला लागलं की मका आणि सोयाबीनचं पीठ त्यात सोडायचं आणि वल्ह्याएवढ्या लांब लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. हात थांबला की खाली लागतं. उजाडेपर्यंत पोरं हातात मग घेऊन रांगेत उभी असतात. या बायांना पगार नाही. गावानं आपापसात पाळ्या लावून घेतलेल्या असतात.

या खाण्याला तिथं लिकुनी फाला म्हणतात. चिचेवा भाषेत फाला म्हणजे आपली पेज, आणि लिकुनी हे राजधानी लिलाँग्वेजवळचं कॅथलिक मिशनचं ठिकाण. आज मलावीत १० लाखांहून जास्त मुलांना शाळेत ही पेज देणारी ‘मेरीज मील्स’ ही संस्था स्कॉटलंडमधली आहे आणि तिच्या नावातली मेरी म्हणजे येशूची आई. मलावी, चर्च, शाळा आणि स्कॉटलंड यांची ही गाठ २००२ साली, संस्थेनं तिथं पेज द्यायला सुरुवात केली तेव्हा, पडलेली नाही. ती त्याहून सव्वाशे वर्षं जुनी आहे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ स्कॉटलंडमधल्या दोन चर्चनी लागोपाठ या भागात मिशन काढली: १८७५ मध्ये लिव्हिंग्स्टोनिया, १८७६ मध्ये ब्लँटायर. ब्लँटायर हे लिव्हिंग्स्टन यांच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावाचं नाव, आज मलावीतलं मोठं व्यापारी शहर. ब्रिटिश सत्ता नंतर आली आणि आल्यावरही शिक्षणाचा भार तिनं मिशनवरच टाकला. सरकारी शिक्षण खातं उघडायला १९२६ साल उजाडावं लागलं. तोवर वाचणं-लिहिणं, सुतारकाम, छपाई, सगळं मिशनच्या हाती होतं. डॉ. रॉबर्ट लॉज यांनी तर पन्नासेक वर्षं लिव्हिंग्स्टोनियात काढली.

या कामाचं ऋण मोठं आहे आणि मी ते मनापासून मानतो. पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शाळा चर्चची, म्हणून तिथं जाणं म्हणजे चर्चकडे जाणं. मलावी सरोवराच्या दक्षिणेकडचे याओ जमातीचे लोक बहुतांश मुसलमान. पोरगं शाळेत घातलं तर ते आपलं राहणार नाही, ही त्यांच्या आईबापांची भीती बिनबुडाची नव्हती. त्यामुळे तो भाग शिक्षणात पिढ्यान् पिढ्या मागे राहिला. अन्न किंवा अक्षर देताना देणाऱ्यानं बदल्यात काही मागितलं, तर कोण त्यापासून वंचित राहतं, हे इथं स्पष्ट दिसतं.

याच काळात एका आफ्रिकी पाद्र्यानं स्वतःचं मिशन उभं केलं. जॉन चिलेम्ब्वे अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परतले आणि चिराद्झुलू भागात त्यांनी चर्चसोबत शाळा काढल्या. शेजारच्या गोऱ्यांच्या मळ्यांवर मजुरांचे हाल चालले होते, पहिल्या महायुद्धात आफ्रिकी माणसं फुकट मारली जात होती. जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी उठाव केला. तो काही दिवसांत चिरडला गेला, चिलेम्ब्वे मारले गेले आणि त्यांनी बांधलेलं विटांचं भव्य चर्च सरकारनं सुरुंग लावून पाडलं. आज मलावीच्या नोटांवर त्यांचा चेहरा आहे. गावातल्या मुलांना शिकवण्याची कल्पना फक्त बाहेरून आली, असं समजणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

१९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढची तीस वर्षं हेस्टिंग्ज बांदा यांची सत्ता होती, आणि प्राथमिक शाळेलाही फी होती. १९९४ मध्ये निवडणुकीनं सरकार बदललं आणि नव्या सरकारनं ती फी रद्द केली. त्याबरोबर सुमारे १९ लाखांवरची पटसंख्या एकदम ३० लाखांच्या आसपास गेली. वर्गखोल्या तेवढ्याच, शिक्षक अपुरे. झाडाखाली शंभर-शंभर पोरांचे वर्ग भरू लागले. दार उघडलं होतं खरं, पण उपाशीपोटी त्या दारातून आत येऊन टिकणं वेगळं. पहिलीत येणारी बहुतेक मुलं आठवीपर्यंत पोचत नव्हती.

याचं मूळ शेतात आहे. ‘चिमांगा न्दी मोयो’, मका म्हणजे जीव, असं तिथं म्हणतात. पूर्वी ज्वारी-बाजरीच्या जातीची धान्यंही भरपूर पिकत, वसाहतीच्या काळात मक्यानं त्यांची जागा घेतली. पाऊस वर्षातून एकदाच, पीकही एकदाच, एप्रिल-मेच्या सुमारास. म्हणून जानेवारी ते मार्च हा कणग्या रित्या होण्याचा काळ. शेतात कामाची घाई तेव्हाच आणि घरात दाणा नसतोही तेव्हाच. अशा वेळी पोरगं शाळेत जात नाही, ते आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातं.

२००१ मध्ये पुरानं पीक बुडालं. त्यात सरकारी राखीव साठ्यातला जवळपास सगळा, म्हणजे १,६७,००० टनांच्या घरातला मका आधीच विकून टाकलेला. साठा किती ठेवायचा यावरून नाणेनिधी आणि सरकार नंतर एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. कोठारं मात्र रिकामीच होती. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली. आणि या सगळ्याखाली एड्स होता. कमावती, पेरणी करणारी पिढीच तो नेत होता, मागे म्हातारे आणि पोरं उरत होती.

त्या वर्षी मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो मलावीत होते. ते मूळचे डालमॅली या स्कॉटिश खेड्यातले, काम सॅमन माशांच्या पैदाशीचं. १९९२ मध्ये बोस्नियातलं युद्ध टीव्हीवर पाहून ते आणि त्यांचा भाऊ घोंगड्या आणि खाण्याचं सामान गोळा करून तिथल्या मेजुगोर्ये या गावी गेले. परतले तर लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंनी घराजवळची पत्र्याची शेड भरून गेलेली. त्यांनी नोकरी सोडली आणि मदतसंस्था सुरू केली. मलावीत ते एका झोपडीत गेले, तिथं सहा मुलांची आई एड्सनं मरणाच्या दारात होती. त्यांनी थोरल्या मुलाला विचारलं, तुला काय हवंय? पोटभर खायला आणि कधीतरी शाळेत जायला, असं तो १४ वर्षांचा मुलगा म्हणाला.

या उत्तरातल्या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी द्यायच्या, एवढीच ‘मेरीज मील्स’ची योजना. घरी धान्य पोचवलं असतं तर पोट भरलं असतं, पण मूल मजुरीलाच गेलं असतं. पेज शाळेत मिळते म्हटल्यावर आईबापच मुलाला शाळेकडे धाडतात. सुरुवात २०० मुलांपासून झाली. २०१५ मध्ये संस्था १० लाख मुलांपर्यंत पोचली, आता हा आकडा अनेक देश मिळून २० लाखांच्या वर आहे. पेज घेताना कुणाला धर्म विचारला जात नाही. जुन्या मिशनशाळांच्या दारात ज्यांची पावलं अडत होती, त्यांच्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना जेवण, अक्षर आणि हाताला काम दिलं. धर्मांतरावरून वादही तिथं झाला. ७२च्या दुष्काळातली सुकडी अजून अनेकांच्या जिभेवर आहे. पण आपल्याकडे २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतलं शिजवलेलं अन्न हा मुलाचा हक्क झाला. खिचडी पातळ आली तर आई मुख्याध्यापकांना जाब विचारू शकते. मलावीतल्या बहुतेक गावांत मात्र टोप अजून देणगीवर चढतो, आणि मला काळजी वाटते ती याची. देणगीदाराचा हात आखडला तर त्या आईनं कुणाकडे जायचं?

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळानं देशाच्या दक्षिण भागाची धूळधाण केली, ब्लँटायरच्या उतारांवरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. पुढच्याच वर्षी एल निनोमुळे पाऊस दडी मारून बसला आणि मार्च २०२४ मध्ये २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. कणग्या रित्या होण्याचे महिने त्यामुळे आणखी लांबले. शाळेच्या शेडमधल्या बायांच्या पाळ्या तशाच लागत राहिल्या.