बिल्डमधलं 'जर-तर': अट नेमकी कोणाच्या मशीनवर तपासायची?

बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली कोडमधून प्रोग्रॅम बांधणारं (बिल्ड करणारं) 'मेक' हे साधन लिहिलं, तेव्हा प्रश्न एवढाच होता: कुठली फाइल बदलली आणि तिच्यापायी काय काय पुन्हा कंपाइल करायचं? 'या मशीनवर हे, त्या मशीनवर ते' असली भानगड त्यात नव्हती. पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला बीएसडी, सिस्टिम फाइव्ह आणि प्रत्येक कंपनीचं आपापलं युनिक्स अशा वाटा फुटल्या. तोच प्रोग्रॅम दुसरीकडे न्यायचा, तर मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकला दिलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये, हाताने खाडाखोड करणं आलं.

१९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं, म्हणजे बिल्डआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारं साधन. त्यामागची कल्पना मला आजही बेरकी वाटते. मशीनचं नाव विचारत बसायचं नाही. हवं ते फंक्शन वापरणारा चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल करून बघायचा. झाला तर फंक्शन आहे, नाहीतर नाही. मेख होती क्रॉस-कंपाइलमध्ये: बांधणारं मशीन एक, चालवणारं दुसरं. मग चाचणीचा प्रोग्रॅम नुसता कंपाइल न करता चालवूनही बघायचा असेल, तर तो चालवणार कुठे?

हाच घोळ पायथॉनमध्ये वेगळ्या रूपात पुन्हा उगवला. पॅकेज कसं इन्स्टॉल करायचं ते सांगणारी सेटअप फाइल म्हणजे साधा पायथॉन कोड. त्यामुळे लोक सर्रास लिहायचे: प्लॅटफॉर्म 'विन३२' (म्हणजे विंडोज) असेल तर डिपेंडन्सींच्या, म्हणजे सोबत लागणाऱ्या पॅकेजेसच्या, यादीत विंडोजसाठीचं 'पायविन३२' घाला. (६४-बिट विंडोजवरही हे नाव 'विन३२'च आहे, ते सोडा.) जोवर सोर्स आणून आपल्याच मशीनवर इन्स्टॉल करायची पद्धत होती, तोवर हे चालून गेलं. मग व्हील आले, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली पॅकेजेस. आता ती अट तपासली जाऊ लागली व्हील बांधणाऱ्याच्या मशीनवर. त्याच्याकडे लिनक्स असेल, तर यादी 'पायविन३२'शिवायच गोठायची आणि विंडोजवाल्याचा प्रोग्रॅम पहिल्याच इम्पोर्टला आपटायचा. त्यावर तोडगा म्हणजे एन्व्हायर्नमेंट मार्कर. २०१५ च्या पेप ५०८ या पायथॉनच्या प्रस्तावाने त्यांचं व्याकरण पक्कं केलं. यात अट चालवली जात नाही, डिपेंडन्सीच्या नावापुढे मजकूर म्हणून लिहून ठेवली जाते. ती तपासायचं काम पिपचं, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनवर पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या साधनाचं.

जावास्क्रिप्टची पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या एनपीएमने पॅकेजमध्येच 'ओएस' आणि 'सीपीयू' या नोंदी दिल्या. न जुळणारं पॅकेज ऑप्शनल असेल तर ते मुकाट्याने वगळलं जातं. पण मॅकवर तयार झालेल्या लॉक फाइलमधून (निवडलेल्या पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कधीकधी लिनक्सच्या पॅकेजेसची नोंदच गळते आणि सर्व्हरवरचा बिल्ड कोसळतो.

रस्ट या भाषेच्या कार्गो या बिल्ड-साधनाने इथे सरळ मार्ग धरला. लॉक फाइल करताना तो सगळेच प्लॅटफॉर्म धरून चालतो आणि अट लावतो ती कंपाइल करताना, ज्या टार्गेटसाठी, म्हणजे चालवणाऱ्या मशीनसाठी, बांधायचं त्याच्या हिशेबाने. म्हणून जन्मात विंडोज न वापरलेल्या माणसाच्या लॉक फाइलमध्येही विंडोजची क्रेट्स (रस्टमधली पॅकेजेस) दिसतात. नवखे लोक ती काढायला बघतात. काढली तरी पुढच्या बिल्डला कार्गो ती परत लिहून ठेवतो.