खिडकीच सदोष, की बसवणी?

नवी खिडकी पहिल्याच पावसात गळली की घरमालकाची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात संपते: "खिडकी खराब निघाली." वाक्य खरं असतं, पण त्याच्या जोरावर काहीच हाती लागत नाही. बनवणारा म्हणतो, माल उत्तम होता, बसवणाऱ्याने वाट लावली. बसवणारा म्हणतो, मी एवढी कामं केली, कुठे गळलं नाही, हा मालच असा आला. दोघांच्या मध्ये घरमालक उभा राहतो आणि पाणी आत येत राहतं.

मालातला दोष आणि बसवणीतला दोष बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हींत पाणी येतं, पल्ला (खिडकीचा उघडझाप होणारा भाग) अडकतो, वारा शिरतो, काच तडकते. मालातला दोष खिडकी कारखान्यातून निघतानाच तिच्यात असतो: सांध्यावरचं वेल्डिंग कच्चं, चौकटीच्या कोपऱ्यातलं सील तुटकं, रबर आखूड कापलेलं, पल्ला काटकोनात नसलेला. बसवणीतला दोष खिडकी भिंतीत शिरताना जन्माला येतो: चौकट ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी नाही, खाली आधाराचं पॅकिंग नाही, स्क्रू कमी किंवा नको तितके आवळलेले, चौकट आणि भिंत यांच्यातली फट नीट भरलेली नाही.

हा फरक महत्त्वाचा ठरतो तो वॉरंटीमुळे. मालाची वॉरंटी बनवणारा देतो. ती सहसा जास्त वर्षांची असते, पण अनेकदा फक्त सुटा भाग बदलून देण्यापुरती. काढण्या-बसवण्याची मजुरी तिच्यात असेलच असं नाही. कामाची वॉरंटी बसवणारा देतो आणि ती बहुधा कमी काळाची असते. शिवाय मालाच्या वॉरंटीत एक कलम जवळपास नेहमी असतं: उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे बसवलं नसेल तर वॉरंटी लागू नाही. म्हणून वाद सुरू होताच पहिली गोष्ट मागावी ती त्या मॉडेलची बसवणीची सूचनापत्रिका. स्क्रू किती अंतरावर, चौकटीभोवती फट किती, पॅकिंग कुठे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. ती हातात असली की "आम्ही असंच बसवतो" हे उत्तर पुरत नाही.

पाणी नेमकं कुठून येतं

गळतीच्या वादात सगळ्यात मोठं नुकसान करते ती घाईने फिरवलेली सिलिकॉनची नळी. तक्रार केली की बसवणारा येतो, बाहेरून जिथे फट दिसेल तिथे सिलिकॉन ओढतो आणि जातो. त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक, पाणी कुठून येत होतं याचा पुरावा झाकला जातो. दोन, चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी बाहेर सोडण्यासाठी मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रं बुजतात. आधी थोडं येणारं पाणी मग चौकटीतच साचतं आणि खोलीत उतरतं. त्यामुळे फोटो, व्हिडिओ आणि तपासणी होईपर्यंत कुणालाही काही भरू देऊ नये, मग तो कितीही आग्रह करो.

सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पावसात पाणी दिसणं हा दोष नाही, हेही सांगायला हवं. पाणी थोडं आत यावं आणि छिद्रांतून बाहेर पडावं, अशीच त्या खिडकीची रचना असते. प्रश्न पाणी बाहेर पडत नाही तेव्हाचा. छिद्रं पाडलेलीच नसतील किंवा चुकीच्या कप्प्यात पाडली असतील, तर दोष मालाचा. छिद्रं आहेत पण प्लास्टर, सिमेंट किंवा सिलिकॉनने बंद झाली आहेत, तर दोष बसवणीचा. छिद्रं मोकळी आहेत आणि तरी पाणी आतल्या कडेला साचतं, तर खालच्या चौकटीवर लेव्हल (बुडबुड्याची पातळीपट्टी) ठेवून पाहा. ती आतल्या बाजूला कललेली असेल तर उत्तर मिळालं.

भिंत आणि चौकट यांच्या सांध्यातून येणारं पाणी मात्र क्वचितच मालाचं असतं. कारखान्यात खिडकीची पाणीचाचणी होते ती खिडकीची होते, भिंतीशी असलेल्या तिच्या सांध्याची नव्हे. हा सांधा पूर्णपणे बसवणाऱ्याच्या हातचा. तिथे अनेकदा नुसता फोम भरलेला दिसतो. फोम फट भरतो, हवा अडवतो, पण उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडतो, भुसभुशीत होतो आणि पाण्याला वाट देतो. त्याच्यावर बाहेरून सीलंट (सिलिकॉनसारखा फट बंद करणारा लवचिक पदार्थ) किंवा पट्टीचं आवरण लागतं. सीलंटही कसा भरला ते पाहावं. तो दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांना चिकटलेला आणि मागे फोमच्या गोल दोरीवर टेकलेला हवा. फट रुंद असेल तर सीलंटची खोली साधारण रुंदीच्या निम्मी ठेवतात, म्हणजे तो ताणला जाऊ शकतो. धुळीच्या प्लास्टरवर ओढलेला सीलंट एका बाजूने सुटतो आणि नखाने सोलला जातो. त्याचा फोटो हा चांगला पुरावा आहे.

आणि तिसरी शक्यता विसरू नये: खिडकीही ठीक, बसवणीही ठीक, पाणी वरच्या भिंतीच्या भेगेतून येतंय. ते चौकटीच्या वरच्या कडेवरून घरंगळतं आणि दोष खिडकीवर येतो.

हे तिन्ही वेगळे करण्याचा मार्ग म्हणजे पाणीचाचणी. घरच्या पातळीवर ती साध्या नळीनेही करता येते, फक्त क्रम पाळायचा: खालून वर. आधी फक्त खालच्या कट्ट्यावर आणि खालच्या सांध्यावर काही मिनिटं पाणी सोडायचं, आत एकाने टॉर्च घेऊन पाहायचं, व्हिडिओ घ्यायचा. काही आलं नाही तर बाजूचे सांधे, मग खिडकीची वरची कड, आणि शेवटी तिच्यावरची भिंत. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. रक्कम मोठी असेल किंवा प्रकरण तंट्यापर्यंत गेलं असेल, तर तज्ज्ञाकडून प्रमाणित चाचणी करून घ्यावी. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची ई ११०५ ही बसवलेल्या खिडकीवर जागेवरच करायची अशी पद्धत आहे. तिच्यात बाहेरून ठरावीक फवारा मारतात आणि आत-बाहेरच्या हवेच्या दाबात फरक निर्माण करतात, म्हणजे वाऱ्यासकट पावसाची स्थिती तयार होते.

काचेवरचं धुकं

धुक्यावरून होणारे वाद बहुतेक वेळा पाण्याच्या वादांपेक्षा लवकर सुटतात, कारण धुकं कुठल्या पृष्ठभागावर आहे हे बोटाने पुसून कळतं. आतून पुसलं जात असेल तर ते खोलीतल्या दमट हवेचं दव आहे. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत साधारण १७ अंशांच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. त्यात ना मालाचा दोष, ना बसवणीचा. दव फक्त एका कोपऱ्यात धरत असेल आणि तिथे हात लावल्यावर गार वारा जाणवत असेल, तर मात्र चौकटीभोवतीची फट तपासावी.

दुहेरी काचेच्या मधल्या पोकळीत धुकं असेल आणि ते कुठल्याही बाजूने पुसलं जात नसेल, तर काचांच्या कडेचं सील गेलेलं आहे. हा मालाचा दोष समजला जातो आणि बहुतेक वेळा तो असतोही. पण याच ठिकाणी बनवणाऱ्याचा बचाव कधीकधी योग्य असतो. काच चौकटीत बसवताना खाली छोटे आधाराचे ठोकळे ठेवावे लागतात, म्हणजे काचेची कड साचलेल्या पाण्यात बुडत नाही. काच कारखान्याऐवजी घरी जागेवर बसवली असेल आणि ठोकळे नसतील किंवा पाण्याची छिद्रं बंद असतील, तर चांगलं सीलही सतत ओलं राहून मरतं. काच बदलायला माणूस आला की जुनी काच काढताना खालच्या खाचेचा फोटो घ्यावा. तिथे पाणी आणि चिखल दिसला तर नवी काचही त्याच वाटेने जाईल.

तडकलेली काच

काचेची भेग वाचता येते. एका बिंदूपासून चारही दिशांनी फुटलेली भेग आघाताची. साध्या काचेत कडेपासून काटकोनात निघून मग वळत गेलेली भेग बहुधा तापमानातल्या फरकाची, म्हणजे काचेचा एक भाग उन्हात आणि कड सावलीत असण्याची. भेग नेमकी स्क्रूच्या टोकाशी किंवा कठीण पॅकिंगशी सुरू होत असेल तर बसवणारा उत्तर देणं लागतो.

टफन काच (उष्णता देऊन मजबूत केलेली काच) कुणी हात न लावता अचानक चुरा झाली तर एक कारण काचेतच असू शकतं: निकेल सल्फाइडचा अतिसूक्ष्म कण. फुटण्याच्या उगमाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे शेजारी तुकडे दिसले तर संशय त्याच्यावर जातो. म्हणून चुरा झाडून टाकण्याआधी उगमाजवळचा भाग चिकटपट्टी लावून जपावा.

अडकणारा पल्ला, घासणारं दार

पल्ला अडकतो तेव्हा मोजपट्टीने दोन्ही कर्ण मोजावेत. चौकटीचे कर्ण असमान असतील तर चौकट तिरकी झाली आहे. मग पल्ला बिजागऱ्यांवरून उतरवून सपाट जमिनीवर ठेवून त्याचेही कर्ण मोजावेत. पल्ला सुटा असताना काटकोनात आहे आणि चौकट नाही, याचा अर्थ बहुधा चौकट भिंतीत आवळताना पिळली गेली. पल्लाच वाकडा असेल तर कारखान्याकडे जायचं. उघडा पल्ला अर्ध्यावर सोडून पाहावा. तो आपोआप बंद होऊ लागला किंवा पुढे उघडू लागला, तर बिजागऱ्यांची बाजू ओळंब्यात नाही.

वेळेचीही नोंद ठेवावी. सकाळी सुरळीत आणि दुपारी अडकणारी यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) खिडकी बहुधा भिंतीत घट्ट कोंबलेली असते. यूपीव्हीसीचा २ मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने साधारण ४ मिलिमीटर लांबतो, तेवढ्याच लांबीचं ॲल्युमिनियम दीड मिलिमीटरच्या आसपास. ही वाढ सामावायला चौकटीभोवती फट ठेवायची असते. बसवणारा "उन्हाने होतं, मालच असा" म्हणाला तर फटीचं माप सूचनापत्रिकेशी ताडून पाहावं.

लाकडी दाराचा बाक मोजायला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणलेला दोरा पुरतो. अनेक उत्पादक सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचा बाक दोष धरत नाहीत. त्यापेक्षा जास्त असेल तर तक्रार करण्याआधी मोबाइलचा कॅमेरा दाराच्या खालून आणि वरून फिरवावा. जमिनीला घासतं म्हणून सुतार खालची कड रंध्याने उतरवतो आणि ती कोरीच ठेवतो, ना रंग ना पॉलिश. दार तिथून दमट हवा पिऊन फुगतं, वाकतं. दार निर्दोष आलं होतं, कोऱ्या कडेने ते बिघडवलं. बनवणारा हाच फोटो दाखवून वॉरंटी नाकारतो आणि नियमाने त्याचं बरोबर असतं.

वाद मिटवताना

माल आणि बसवणी एकाच माणसाने एकाच करारात घेतली असेल तर वरचं सगळं जाणून घ्यावं, पण त्यात अडकू नये. दोष कारखान्याचा की कामगाराचा, हे तो आणि त्याचा पुरवठादार आपसात ठरवतील. तुमच्याशी करार त्याने केला आहे आणि काम नीट करून देण्याची जबाबदारी त्याची आहे. "कंपनीला कळवलंय, उत्तर आलं की बघू" या उत्तरावर महिनोन्महिने थांबण्याचं काही कारण नाही. माझ्या मते नव्याने काम देणाऱ्याने शक्य असेल तर असाच करार करावा, थोडं जास्त द्यावं लागलं तरी.

माल एकाकडून आणि बसवणी दुसऱ्याकडून असेल तर दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावू नये. एकाच दिवशी, एकाच खिडकीसमोर दोघांना उभं करावं आणि त्यांच्यासमोरच कर्ण, लेव्हल, पाणी तपासावं. कोण काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहून दोघांना पाठवावं. एकमत झालं नाही तर तिसरा माणूस आणावा, पण असा, ज्याला ना माल विकायचा आहे ना दुरुस्तीचं काम मिळवायचं आहे. त्याला "खिडकी कशी आहे" असं विचारू नये. पाणी कुठल्या सांध्यातून येतं, ते सूचनापत्रिकेतल्या कुठल्या गोष्टीच्या विरुद्ध आहे, आणि जागेवर दुरुस्ती पुरेल की चौकट काढून पुन्हा बसवावी लागेल, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मागावीत.

तिसरा प्रश्न सगळ्यांत जास्त टाळला जातो, कारण काढून पुन्हा बसवणं खर्चाचं आहे. तिरकी चौकट बिजागऱ्या घट्ट करून सरळ होत नाही. आत कललेला कट्टा सिलिकॉनने बाहेर कलत नाही. दोष बसवणीचा ठरला तर दुरुस्तीही बसवणीचीच व्हायला हवी.

तक्रार लेखी द्यावी, तिच्यात तारखा आणि फोटो असावेत, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी. मुदत देण्याआधी दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर पहिला सहज म्हणतो, मला संधीच दिली नाही. पैसे रोखायचे तर करारात ठरलेला शेवटचा हप्ता रोखावा, संपूर्ण रक्कम अडवली तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो. आणि दुरुस्ती झाल्यावर "आता पाऊस आला की बघू" यावर सही करू नये. ज्या नळीने, ज्या क्रमाने आधी गळती सापडली, तीच चाचणी दोघांसमोर पुन्हा करावी, तिचा व्हिडिओ ठेवावा आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा.