वजनाचा रकाना चुकला की इशाराही चुकतो

७८ वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या बाईंच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, १.४; रिपोर्टमध्ये जेमतेम वाढलेलं. डॉक्टर संगणकावर एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन लिहितात: किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. ऑर्डर सेव्ह होण्याआधीच पडद्यावर सूचना येते: क्रिएटिनिन क्लिअरन्स २६, हा डोस २४ तासांतून एकदाच द्या.

क्लिअरन्स म्हणजे मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं त्याचा अंदाज; तो कमी असेल तर औषध शरीरात साठतं. हे २६ येतात १९७६ सालच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रातून. १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्याला वजनाने गुणायचं, त्याला ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचं. रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं. वय आणि वजन केसपेपरमधून, क्रिएटिनिन लॅबमधून घेऊन संगणक '३० च्या खाली असेल तर' हा नियम लावतो. औषधांच्या बहुतेक सूचना अशा साध्या जर-तर नियमांवरच चालतात. राउंडच्या घाईत प्रत्येक रुग्णासाठी हा हिशेब हाताने होत नाही, म्हणून त्या फार मोलाच्या आहेत.

पण भरती करताना काट्यावर उभं न करता कुणी अंदाजाने ७० किलो लिहिलं, तर तेच सूत्र ३६.६ सांगतं. सूचना येतच नाही. दिवसाला ५० मिलिग्रॅमऐवजी ७० मिलिग्रॅम दोनदा जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड काहीच नाही.

एककाचा घोळ याहून भयंकर. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात ३८.६ किलो वजनाच्या मुलाला सेप्ट्रा या अँटिबायोटिकची १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. पडद्यावरचं एकक मात्र 'किलोमागे मिलिग्रॅम' होतं. १६० टाकताच संगणकाने वजनाने गुणलं आणि साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर तयार झाली. डॉक्टर आणि फार्मासिस्ट, दोघांनाही इशारा आला. दोघांनीही तो बंद केला. यंत्राने गोळ्या पॅक केल्या. नर्सने बारकोड स्कॅन केला तेव्हा सगळं जुळलं, कारण बारकोड फक्त ऑर्डरशी ताडून बघतो, ऑर्डर योग्य आहे का ते बघत नाही. मुलाला फिट आली. सुदैवाने तो वाचला.

यात नुसता निष्काळजीपणा बघणं अन्यायाचं आहे. औषधांच्या सुरक्षा-सूचनांवरच्या २००६ सालच्या एका आढाव्यात, ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर बाजूला सारतात असं आढळलं होतं. किरकोळ आणि जीवघेणा इशारा एकाच रंगाच्या चौकटीत आला, की बोट सवयीने 'ओके'वर जातं.

म्हणून काम अडवणारे इशारे मोजकेच हवेत. नेहमीच्या कमाल डोसच्या कितीतरी पट ऑर्डर असेल तर ती पुढे जाताच कामा नये. किरकोळ इंटरॅक्शन, म्हणजे एका औषधाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, बाजूला बारीक अक्षरात दिसली तरी पुरे. वजनाच्या रकान्याशेजारी ते कधी आणि कसं घेतलं तेही दिसावं: काट्यावर, की अंदाजाने. आणि कोणते इशारे सतत डावलले जातात त्याची यादी फार्मसी आणि डॉक्टरांनी दर महिन्याला एकत्र बसून तपासावी.