थेंबाचा वाकडा मुकुट

आर्थर वर्दिंग्टन हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ अंधाऱ्या खोलीत थेंब पाडत बसायचे. थेंब खालच्या द्रवावर आदळला की ठरलेल्या क्षणी विजेची ठिणगी पडे आणि लखकन उजेड होई. तेवढ्यात डोळ्यांत जे राहील ते ते कागदावर उतरवत. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. जवळजवळ २० वर्षं हे चाललं. त्यांनी काढलेले उसळत्या पाण्याचे मुकुट देखणे होते, चारी बाजूंनी सारखे. १८९४ मध्ये तेच दृश्य त्यांना फोटोत पकडता आलं आणि मुकुट वाकडेतिकडे निघाले. कुठे टोक लांब, कुठे आखूड. असे वाकडे मुकुट त्यांनी आधीही पाहिले होते, पण फसलेला प्रयोग समजून बाजूला ठेवले होते.

आज हाच थेंब हायस्पीड कॅमेऱ्याने टिपतात. कॅमेरा काही सुबक करून दाखवत नाही. पण रेकॉर्डिंग जतन करताना चुकीची फाइल निवडली, तर वर्दिंग्टन यांच्या डोळ्यांनी जे केलं तेच संगणक करतो.

आधी हिशोब पाहू. १२८० गुणिले ८०० पिक्सेलची कृष्णधवल चौकट (म्हणजे एक फ्रेम), प्रत्येक पिक्सेलला १२ बिट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे दीड एमबी. सेकंदाला १०,००० फ्रेम घेतल्या तर दर सेकंदाला १५ जीबीहून जास्त माहिती. संगणकातल्या साध्या डिस्कवर (साटा एसएसडी) सेकंदाला अर्धा जीबीच्या आसपास लिहिलं जातं, म्हणून कॅमेरा आधी सगळं स्वतःच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, भरतो. रॅम ७२ जीबीची असली तरी पावणेपाच सेकंदांत भरते. मग ती रहाटगाडग्यासारखी फिरत राहते: नवी फ्रेम आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. त्यामुळे थेंब पडून गेल्यावर ट्रिगर (रेकॉर्डिंगचा क्षण ठरवणारं बटण) दाबला तरी चालतं, घडून गेलेलं मेमरीत असतंच.

एवढं सगळं गिगाबिट केबलने संगणकावर उतरवायला दहा मिनिटं तरी जातात. पण थेंबाचा खेळ समजा ५० मिलिसेकंदांत आटोपला, तर कामाच्या फ्रेम फक्त ५०० असतात, पाऊण जीबीच्या आसपास. जागा वाचवायचा सगळ्यात प्रामाणिक उपाय हाच: आधीच्या आणि नंतरच्या रिकाम्या फ्रेम काढून टाका आणि उरलेल्यांना हात लावू नका. बरेच जण उलट करतात. सगळ्या फ्रेम ठेवतात आणि त्याही जेपेगमध्ये, म्हणजे चित्र दाबून लहान करणाऱ्या फाइलमध्ये.

जेपेग वाईट नाही, ते माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. ते चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोन मंद आणि झपाट्याने बदलणाऱ्या लहरींच्या बेरजेत मांडतं आणि झपाट्याने बदलणाऱ्या लहरी ढोबळ करून टाकतं, कारण डोळ्याला त्या फारशा जाणवत नाहीत. थेंबाची धारदार कड आणि तिच्यातून सुटलेले बारीक तुषार नेमके त्याच लहरींत असतात. वर आणखी एक घोटाळा होतो. गडद कडेभोवती पुसट ठिपके उमटतात. तुषार मोजणाऱ्या प्रोग्रॅमला ते खरेच वाटतात, म्हणजे काही थेंब नाहीसे होतात आणि काही नसलेले जन्माला येतात.

छटांचंही तसंच. १२ बिटमध्ये ४०९६ छटा मावतात, नेहमीच्या जेपेगमध्ये २५६. शेजारच्या १६ छटा एकीत मिसळतात. एक्स्पोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, मायक्रोसेकंदांत असतं, त्यामुळे चित्र बहुधा अंधारं येतं. सगळं चित्र खालच्या ४०० छटांत असेल तर हातात उरतात २५. मग उजेड कितीही वाढवा, पायऱ्या दिसतात, तपशील येत नाही.

एमपी-४ मधल्या नेहमीच्या पद्धती तर शेजारच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधतात आणि अंदाज न जुळलेला भागच ढोबळपणे साठवतात. लोकांना दाखवायला हे उत्तम. वेग मोजायला मात्र माझ्या मते अजिबात वापरू नये, कारण मोजायची असते तीच हालचाल तिथे अंदाजाने भरलेली असते.

मोजमापासाठी कॅमेऱ्याची स्वतःची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती असलेली फाइल, ठेवावी. तिच्यात फ्रेमचा वेग, एक्स्पोजर आणि ट्रिगरची वेळही नोंदलेली असते. ती उघडणारा प्रोग्रॅम उद्या मिळेलच असं नाही, म्हणून जोडीला १६ बिट टिफ (बहुतेक प्रोग्रॅम उघडू शकतात असा चित्रांचा फाइलप्रकार) काढावी. पीएनजीसुद्धा १६ बिट घेते आणि काही न गमावता आकार कमी करते, पण सेन्सरच्या खरखरीपुढे, म्हणजे पिक्सेलमधल्या अनियमित चढउतारापुढे, तिचा फारसा इलाज चालत नाही. अशी टिफ पहिल्यांदा उघडली की पडदा बहुतेक काळा दिसतो. घाबरून फाइल पुसू नका. ६५,५३६ छटांच्या जागेत फक्त ४०९६ भरलेल्या असतात, इतकंच. इमेजजेसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दाखवायची मर्यादा बदलली की थेंब समोर येतो.

कॅमेरा रंगीत असेल तर रॉ फाइलचा फायदा आणखी वाढतो. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढतात. रंग भरून साठवलं की फाइल तिप्पट होते आणि माहिती कणभरही वाढत नाही.

पुढचं रेकॉर्डिंग सुरू केलं की रॅममधलं जुनं पुसलं जातं, वीज गेली तरी तेच. म्हणून उतरवलेल्या फाइलमधली पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम उघडून पाहावी, फ्रेमची संख्या जुळवावी आणि मगच पुढचा थेंब सोडावा.