प्रीमी डायपर आणि न्यूबॉर्न डायपर: गळती भरल्याने नव्हे, फटीतून होते

न्यूबॉर्न डायपर तुम्हाला माहीत आहे. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो, पाकिटावर ‘एनबी’ किंवा ‘एक्सएस’ आणि बहुतेक वेळा ‘५ किलोपर्यंत’ असं छापलेलं असतं. त्यावर वेगळं काही सांगत बसत नाही. प्रीमी डायपर म्हणजे ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठीचा. असं बाळ घरी आलं की चार दिवसांत प्रश्न येतो, ‘डायपर गळतोय, जास्त शोषणारा कुठला घेऊ?’ मग सगळे हिरिरीने सुचवायला लागतात: रात्रभर टिकणारा घ्या, १२ तासवाला घ्या, एक साइज मोठा घ्या. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. अशा बाळाचा डायपर भरून गळत नाही, तो फटीतून गळतो.

हिशेब करून बघा. बाळ साधारणपणे तासाला, वजनाच्या दर किलोमागे १ ते ३ मिली लघवी करतं. १.८ किलोचं बाळ असेल तर तीन तासांत होते ५ ते १६ मिली. औषधाच्या ५ मिलीच्या चमच्याने मोजलं तर एक ते तीन चमचे. दूध नीट पचायला लागलं की थोडी वाढते, चार-पाच चमचे धरा. साधा न्यूबॉर्न डायपर याच्या कितीतरी पट धरून ठेवतो. पटत नसेल तर कोऱ्या डायपरच्या मधोमध पाच चमचे पाणी हळूहळू ओता, थोडं थांबा आणि कडेने बघा, बाहेर थेंब येत नाही. तरीही बाळाखालचं दुपटं भिजतंय म्हणजे लघवी आतल्या शोषणाऱ्या भागापर्यंत पोचतच नाहीये, आधीच निसटतेय.

निसटते ती जांघेतून. गर्भारपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळाच्या अंगावर चरबी चढते. ज्याला तो काळ पुरता मिळाला नाही त्याच्या मांड्या बारीक राहतात, त्यांवर वळ्या नसतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या जांघेत डायपरचं इलॅस्टिक वळीत बसतं, इथे त्याला बसायला जागाच नाही. शिवाय स्नायू सैल, त्यामुळे पाय दोन्ही बाजूंना फाकून पडलेले. ‘५ किलोपर्यंत’ हा वरचा आकडा आहे, खाली कुठवर चालेल ते त्यात नाही. दीड-पावणेदोन किलोच्या बाळाला तो घातला की जांघ आणि इलॅस्टिक यांच्यात सहज बोट जातं. एवढ्या फटीतून चमचाभर लघवी बाहेर पडायला क्षणही लागत नाही, कारण डायपरमधल्या शोषणाऱ्या जेलला ती शोषून घ्यायला थोडा वेळ लागतो.

तुमचा डायपर कुठून गळतोय हे घरीच कळतं. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सिस्टर वापरलेला डायपर काट्यावर ठेवतात. कोऱ्या डायपरचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम उरतील तितके मिली लघवी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तुम्हीही हे करा. गळलेला डायपर कोऱ्यापेक्षा आठ-दहा ग्रॅमच जास्त भरला, तर तो भरलेला नव्हता, विषय संपला. कपडा मांडीच्या बाजूने भिजला असेल तर फट तिथेच आहे. मुलगा असेल आणि पुढून पोटाशी भिजत असेल, तर डायपर लावताना शिश्न खालच्या दिशेला केलं नव्हतं.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. गळतंय म्हटलं की पहिला हात जातो कमरेच्या टेपकडे, आणि ती आवळली जाते. कॉलरचं बटण लावून बाही घट्ट होत नाही, तशी कंबर आवळून जांघेतली फट बुजत नाही. वर नुकसान होतं ते वेगळंच. एवढंसं बाळ पोटाने श्वास घेतं, दर श्वासाला त्याचं पोट वर-खाली होताना दिसतं. दूध पाजल्यावर त्या पोटाला आवळून ठेवलं की दूध वर येतं. कमरेशी तुमचं एक बोट आरामात सरकलं पाहिजे, घट्टपणा हवा तो जांघेत.

दुसरा उपाय म्हणजे आत कापसाची घडी ठेवणं. त्याने कडा वर उचलली जाते आणि फट वाढते. तिसरा, मोठा डायपर कात्रीने कापून लहान करणं. हे तर मुळीच करू नका. आतलं जेल म्हणजे पाणी धरणाऱ्या पॉलिमरचे बारीक कण असतात. कडा कापली की ते बाहेर येतात आणि बाळाच्या नाजूक कातडीला चिकटतात.

प्रीमी डायपरचं वेगळेपण यातूनच कळतं. तो जास्त शोषत नाही, किंबहुना कमीच शोषतो. तो लहान असतो, दोन पायांमधला भाग अरुंद असतो आणि इलॅस्टिक बारीक मांडीला पुरेल असं मऊ असतं. अरुंद भागामुळे पाय उगाच आणखी फाकत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांकडून पाकिटं येणार असतील तर आकड्यांकडे नीट बघा. पॅम्पर्सच्या अमेरिकेतल्या प्रीमी आकारांत क्रम उलटा आहे: पी-१ सगळ्यात मोठा, साधारण २.७ किलोपर्यंत; पी-२ १.८ किलोपर्यंत, पी-३ सगळ्यात छोटा, जेमतेम ८०० ग्रॅमच्या बाळांसाठी. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये प्रीमी क्वचितच मिळतो, मोठ्या रुग्णालयांच्या औषधदुकानांत किंवा ऑनलाइन शोधावा लागतो. घेताना बाळाचं वजन सांगा. ‘दोन महिन्यांचा झालाय’ हे उत्तर इथे कामाचं नाही, दोन महिन्यांचं बाळ २.१ किलोचंही असू शकतं.

प्रीमी मिळेपर्यंत न्यूबॉर्नवर भागवायचं असेल तर टेपवालाच घ्या. पँटसारखा चढवायचा डायपर या वजनाच्या बाळाला नको, कितीही स्वस्त मिळाला तरी. तो चढवताना पाय ओढावे लागतात, काढताना सगळी घाण पायांवरून जाते, आणि जांघेत सैल पडला तर हाताने जुळवून घेता येत नाही. टेपवाल्याची पुढची कडा बेंबीच्या खाली, बाहेरच्या बाजूला दुमडा. टेप पुढच्या पट्टीवर थोड्या खाली, तिरप्या लावा, म्हणजे ताण मांडीकडे जातो. मग दोन्ही जांघांत बोट फिरवून आतली झालर बाहेर काढा. ती आत मुडपलेली राहिली तर महागातला डायपरही गळणारच. बदलताना घोटे धरून पाय उंच उचलू नका, बाळाला हलकेच कुशीवर वळवा.

आजी लंगोटाचा आग्रह धरतील. मलमलचा लंगोट हव्या त्या मापाचा बांधता येतो, हे अगदी खरं. पण तो ओल धरून ठेवत नाही, ती अंगालाच लागते, आणि इतक्या लहान बाळाचं अंग ओल्या कपड्यात फार लवकर गार पडतं. दिवसा कोणी सतत जवळ असेल तर बांधा, ओला झाला की लगेच बदला. त्यावर प्लॅस्टिकची चड्डी नको. रात्री आणि कांगारू काळजीच्या, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याच्या वेळी डायपरच बरा. आईच्या छातीशी उभं धरलेल्या बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि डायपर एवढंच असतं, तिथे गळती झाली की दोघंही भिजतात आणि बाळाला उबेतून बाहेर काढावं लागतं.

डायपर गळत नाही म्हणून तासन्‌तास तसाच ठेवू नका. दर दुधाच्या आधी तपासा आणि दिवसात किती ओले झाले ते मोजा. जेलमुळे थोडी लघवी हाताला जाणवत नाही, म्हणून ओलं झाल्यावर रंग बदलणारी रेघ असलेला घ्या. दिवसाला सहापेक्षा कमी ओले व्हायला लागले तर ब्रँड बदलण्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा.

न्यूबॉर्नवर जायची वेळ २.५ किलोच्या आसपास येते. टेप ओढून लावावी लागते, मांडीवर लाल वळ उठतात, शी पाठीकडून वर येते. यांतलं एक दिसलं तरी बदला. म्हणूनच प्रीमीची मोठी पाकिटं साठवू नका. दूध पचायला लागलेलं बाळ भराभर वजन घेतं आणि अर्धं पाकीट तसंच उरतं. उरलंच तर ज्या एनआयसीयूतून बाळ घरी आलं तिथे विचारून द्या.