सायकोपॅथी व फौजदारी दायित्व

सहानुभूती व पश्चात्ताप यांचा अभाव, उथळ भावना आणि लबाडी ही लक्षणे असलेली व्यक्तिमत्त्वाची घडण. तिच्या मज्जाजैविक आधारामुळे गुन्ह्याच्या दायित्वाचा प्रश्न उपस्थित होतो.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल यांनी 1801 च्या सुमारास बुद्धी शाबूत असूनही अनावर हिंसा करणारे रुग्ण नोंदले. काहीजण तेथूनच इतिहास मांडतात. इंग्रजी ग्रंथकारांचा ओढा इंग्रज वैद्य जेम्स प्रिचर्ड यांच्या ‘नैतिक वेडा’कडे (बुद्धी शाबूत, पण भावना व वर्तन बिघडलेले; 1835) असतो. मात्र त्या वर्गात आज भावविकाराचे म्हणता येतील असेही पुष्कळ रुग्ण बसत. तेव्हा हे नाते ताणलेले दिसते. सध्याच्या अर्थाचा आरंभ अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांच्या वर्णनापासून (1941) धरणे अधिक सयुक्तिक. त्याच्या आधारे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी सायकोपॅथी मोजणारी 20 कलमांची, कमाल 40 गुणांची तपासणीसूची तयार केली. उत्तर अमेरिकेत 30 गुण ही रूढ सीमारेषा होय.

इतरांच्या चेहऱ्यावरील भीतीला अमिग्डालाचा (मेंदूतील भीतीसारख्या भावनांशी निगडित केंद्राचा) मंद प्रतिसाद आणि या केंद्राचे अग्रखंडाच्या खालच्या-मध्य भागाशी दुबळे संधान, असे निष्कर्ष अनेक अभ्यासांत येतात, सर्वत्र नव्हे. ते गटांच्या सरासरीचे आहेत. त्यांवरून एका आरोपीबद्दल अनुमान काढणे धाडसाचे ठरते.

भारतीय न्याय संहितेचे कलम 22 (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम 84) कृत्याच्या क्षणी त्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता मनोविकलतेमुळे नव्हती काय, एवढेच विचारते. अनावर ऊर्मीला त्यात स्वतंत्र स्थान नाही. सायकोपॅथला सहसा सारे कळत असते. म्हणून बचाव येथेच अडतो. सिद्धतेचा भार आरोपीवर असला, तरी संभाव्यतेचे पारडे झुकवणे पुरते (दह्याभाई ठक्कर खटला, 1964).

सांगली व सातारा येथील सत्र न्यायालयांतही कसोटी हीच. ऊसपट्ट्यातील खुनात आरोपीने कोयता उसात लपवला, कपडे पाटाच्या पाण्यात धुतले आणि पुढे निवेदन पंचनाम्यात (पंचांसमक्ष नोंदलेल्या आरोपीच्या निवेदनानुसार) जागा दाखवली, तर हे वर्तन जाणिवेचा पुरावा म्हणून पुढे येते. ‘तो आधीपासूनच वेडसर’ ही गावकऱ्यांची साक्ष त्यापुढे सहसा टिकत नाही; उपचारांचे जुने केसपेपर असतील तर गोष्ट निराळी. आरोपीला गुन्ह्याची माहिती आहे का, हे पाहणारी मेंदूच्या विद्युत्‌लहरींची चाचणी संमतीवाचून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात (2010) ठरवले आहे.